संगणकाच्या दारावरची भाषा

ज्ञान आणि आठवण टिकवून ठेवण्यासाठी मनुष्याने आजवर नाना साधने वापरली. दगड, ताम्रपट, ताडपत्र आणि कागद यांच्या परंपरेत आज हार्ड डिस्क येऊन बसली आहे. आपल्या पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतील घरांचाच विचार केला, तरी जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यांच्या प्रती, देवस्थानांचे हिशेब, पेडण्याच्या पुनवेचे चित्रण, दशावतारी खेळांचे ध्वनिमुद्रण, आजोबांचे एकुलते एक छायाचित्र अशा कितीतरी गोष्टी आता संगणकाच्या पोटात साठविलेल्या असतात. कागदपत्रांचे मोल काय असते, हे डिचोली तालुक्याला निराळे सांगावे लागत नाही. मये येथील स्थलांतरितांच्या मालमत्तेचा प्रश्न गोवामुक्तीनंतर कित्येक दशके भिजत पडला होता आणि २०१४ साली गोवा विधानसभेला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. आपला जुना कागद हाताशी असणे म्हणजे काय, हे तेथील कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवले आहे.

परंतु कागद आणि डिस्क यांत एक मोठा भेद आहे. वही उघडली की अक्षर दिसते. डिस्क मात्र नुसती हातात धरून काहीच वाचता येत नाही. ती बोलती होण्यासाठी मधे दोनतीन मध्यस्थ लागतात. त्यांतल्या एखाद्याचा जरी मतभेद झाला, तरी पडद्यावर ‘डिस्क सापडत नाही’ अशा अर्थाचा संदेश उमटतो, आणि घरातली माणसे हळहळून म्हणतात, “डिस्क गेली!” मग कोणीतरी सर्व पुसून नव्याने भरण्याचा सल्ला देतो, आणि जी डिस्क मुळात धडधाकट होती, ती खरोखरच रिकामी होते. हा अनर्थ टाळावयाचा असेल, तर पहिल्या मध्यस्थाची ओळख करून घेतली पाहिजे. त्याचे नाव बायॉस.

संगणकाची कळ दाबताच विंडोज अथवा लिनक्स लगेच जागी होत नाही. ती स्वतः डिस्कवर झोपलेली असते. तिला उठविण्यासाठी आधी डिस्क वाचता आली पाहिजे, आणि डिस्क कशी वाचावी याची आज्ञावली तर डिस्कवर ठेवून चालणार नाही. किल्ली पेटीतच ठेवून पेटीला कुलूप लावण्यासारखे ते होईल. म्हणून एक लहानशी आज्ञावली मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायमची कोरून ठेवलेली असते. तीच बायॉस. हे नाव १९७० च्या दशकात गॅरी किल्डॉल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने आपल्या सीपी/एम या प्रणालीसाठी योजिले, आणि १९८१ साली आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक बाजारात आल्यावर ते जगभर रूढ झाले. आजच्या संगणकांत तिची जागा युईएफआय नावाच्या अधिक विस्तृत आज्ञावलीने घेतली आहे. तथापि बोलीत आणि दुकानांत ‘बायॉस’ हाच शब्द चालतो. आपणही तोच वापरू.

बायॉसला डिस्कविषयी काही निवडी आपण सांगून ठेवू शकतो. संगणक सुरू होताना डिलीट, एफ२ अथवा एफ१० अशी एखादी कळ दाबली की या निवडींचे पान उघडते. कोणती कळ, हे कंपनीगणिक बदलते आणि बहुधा पडद्यावरच क्षणभर दिसते. त्या पानावरील शब्द प्रथमदर्शनी मंत्रासारखे दुर्बोध वाटतात. परंतु त्यांपैकी प्रत्येकाला इतिहास आहे, आणि इतिहास समजला की शब्दांतील भीती नाहीशी होते.

प्रारंभ १९५६ पासून करू. त्या वर्षी आयबीएमने जगातील पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक रचलेले ते यंत्र कपाटाएवढे होते, आणि त्यात मावत होती केवळ पन्नास लाख अक्षरे. पुढे डिस्क लहान होत गेली; पण तबकडीवरील जागा सांगण्याची पद्धत बराच काळ जुनीच राहिली. कितव्या वर्तुळावर, कोणत्या पृष्ठावर आणि वर्तुळाच्या कितव्या तुकड्यावर, असा तिहेरी पत्ता द्यावा लागे. जुन्या बायॉस आणि डिस्क यांच्या मर्यादा एकत्र केल्या, तर १,०२४ वर्तुळे, १६ पृष्ठे, ६३ तुकडे आणि प्रत्येक तुकड्यात ५१२ बाइट एवढाच पत्ता लिहिता येई. गुणाकार केला तर ५२,८४,८२,३०४ बाइट होतात. यापेक्षा मोठी डिस्क जोडली, तरी उरलेला भाग संगणकाच्या लेखी अस्तित्वातच नसे. म्हणून ‘एलबीए’ नावाची सरळ पद्धत आली. तीत प्रत्येक तुकड्याला एकच अनुक्रमांक असतो. वाडा, घर, खोली असा पत्ता सांगण्याऐवजी गावातील प्रत्येक खोलीला एकच क्रमांक द्यावा, तशी ही युक्ती. जुन्या यंत्रांत ‘सीएचएस’, ‘लार्ज’, ‘एलबीए’ आणि ‘ऑटो’ असे जे पर्याय दिसतात, ते या पत्त्यांच्याच निरनिराळ्या रीती होत. डिस्क ज्या रीतीने भरली गेली, तीच रीत पुढे कायम ठेवावी. रीत बदलली की तोच क्रमांक दुसऱ्याच जागी नेतो, आणि सारा मजकूर अस्ताव्यस्त भासतो.

दुसरा भाग जोडणीचा. पूर्वीच्या संगणकांत डिस्कला जोडणारी एक रुंद, चपटी पट्टी असे. तिच्या टोकाला ४० पिना असत आणि त्यांतील सोळा तारांवरून सोळा संकेत एकाच वेळी, खांद्याला खांदा लावून जात. शिगम्याच्या रोमटामेळात सोळा गडी एका ओळीत चालत आहेत अशी कल्पना करा. चाल संथ असेपर्यंत ओळ सरळ राहते. चाल वाढवावी तसे कोणी पुढे जातो, कोणी मागे रेंगाळतो, शेजारी एकमेकांना धक्के देतात. आणि ओळीची ओळ सावरण्यासाठी सर्वांनाच थांबावे लागते. विजेच्या संकेतांचेही नेमके असेच झाले. त्या पट्टीचा वेग सेकंदाला १३३ मेगाबाइटच्या पुढे नेता आला नाही. तेव्हा अभियंत्यांनी उलटा विचार केला: सोळा जणांना एका ओळीत चालविण्यापेक्षा एकामागून एक असे वेगाने धावू द्यावे. २००३ च्या सुमारास आलेली ही बारीक केबल म्हणजे ‘साटा’. तिच्या पहिल्या पिढीचा वेग सेकंदाला दीड गिगाबिट, दुसरीचा तीन आणि तिसरीचा सहा. बायॉसमधील ‘जेन १’, ‘जेन २’ आणि ‘जेन ३’ हे पर्याय या तीन पिढ्यांचेच आहेत. एखादी डिस्क मधूनमधून नाहीशी होत असेल, तर वेग एक पायरी उतरवून पाहिल्याने, अथवा केबल बदलल्याने, ती पुष्कळदा स्थिर होते. आपल्या दमट हवेत जोडणीच्या धातूवर गंज चढतो, हे ध्यानी ठेवून वीज बंद करून केबल काढून पुन्हा नीट बसविणे हा नेहमी पहिला उपाय असावा.

आता सर्वांत गूढ वाटणाऱ्या आणि सर्वांत अधिक घोटाळा करणाऱ्या निवडीकडे वळू. साटाच्या पानावर ‘आयडीई’, ‘एएचसीआय’ आणि ‘रेड’ असे तीन शब्द आढळतात. संगणकाने डिस्कशी कोणत्या भाषेत बोलावे, हे त्यांतून ठरते.

गोमंतकीय वाचकाला ही गोष्ट चटकन उमजेल. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात डिचोली आणि पेडणे पोर्तुगीज सत्तेखाली आले. तेव्हापासून १९६१ पर्यंत घरात आणि देवळात एक भाषा आणि सरकारी कचेरीत पोर्तुगीज, असा व्यवहार चालला. ज्याला पोर्तुगीज येत नसे, त्याला दुभाष्याची गरज लागे. काम होई, पण सावकाश आणि मर्यादित. साटा डिस्क आली, तेव्हा जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमना तिची नवी भाषा ठाऊक नव्हती. म्हणून मदरबोर्ड बनविणाऱ्यांनी दुभाष्याची सोय केली: जोडणी नवी, पण बोलणे जुन्या पट्टीच्या भाषेत. हाच ‘आयडीई’ पर्याय. नवी भाषा म्हणजे ‘एएचसीआय’. तिचे नियम इंटेल कंपनीने २००४ साली प्रसिद्ध केले.

नव्या भाषेत लाभ कोणता? पेडण्याचा एक टपालवाला घ्या. त्याच्या पिशवीत अनुक्रमे मोरजी, कोरगाव, मांद्रे आणि हरमल येथील पत्रे आहेत. हाती आली त्याच क्रमाने तो वाटू लागला, तर दिवसभर पुढेमागे येरझारा घालील. शहाणा टपालवाला आधी सर्व पत्रे पाहतो आणि कोरगाव, हरमल, मांद्रे, मोरजी असा वाटेचा क्रम लावतो. एएचसीआय भाषेत संगणक डिस्कला एकदम बत्तीस मागण्या सांगून ठेवू शकतो, आणि तबकडीच्या फिरण्याला सोयीचा असा क्रम डिस्क स्वतः लावते. शिवाय संगणक चालू असताना डिस्क काढणे अथवा जोडणे यासाठीचा ‘हॉट प्लग’ हा पर्यायही याच भाषेत नीट चालतो.

परंतु येथेच मेख आहे. ऑपरेटिंग सिस्टिम संगणकावर बसविली जाते, तेव्हा दारावर जी भाषा चालू असेल, तीच ती आपल्या आरंभीच्या सामानात बांधून ठेवते. पुढे एखाद्या दिवशी कोणी बायॉसमध्ये जाऊन एएचसीआयचे आयडीई केले, अथवा आयडीईचे एएचसीआय केले, तर विंडोज अर्ध्यावर उठते, समोरची भाषा कळत नाही म्हणून गोंधळते आणि निळा पडदा दाखवून थांबते. त्या पडद्यावर ‘७बी’ हा आकडा अथवा आरंभीची डिस्क हाती लागत नाही अशा अर्थाचा मजकूर असतो. डिस्कवरील एक अक्षरही पुसलेले नसते. भाषा पूर्ववत केली की संगणक जणू काही झालेच नाही अशा थाटात सुरू होतो. लिनक्सला दोन्ही भाषा सहसा सोबतच येत असल्याने तिचा असा खोळंबा क्वचितच होतो.

पण बायॉसमध्ये कोणी हात घातला नसताना ही निवड आपोआप कशी बदलते? उत्तर एका चपट्या, नाण्याएवढ्या सेलमध्ये आहे. ‘सीआर २०३२’ नावाचा हा तीन व्होल्टचा सेल मदरबोर्डवर असतो. संगणकातील घड्याळ तोच चालू ठेवतो, आणि पुष्कळ संगणकांत आपल्या निवडीही त्याच्याच बळावर टिकतात. संगणक भिंतीच्या विजेला जोडलेला असेपर्यंत सेलवर फारसा भार पडत नाही. परंतु मे महिन्याच्या सुट्टीत शाळेतील अथवा घरातील संगणकाची वायर काढून ठेवली, की सर्व भार सेलवर येतो. जुना सेल तेवढ्यात संपतो. जूनमध्ये पाऊस आणि शाळा बरोबरच सुरू होतात, कळ दाबली जाते, आणि बायॉस आपल्या निवडी विसरून कारखान्यातून निघाल्या वेळच्या निवडी पुढे ठेवते. त्या जर निराळ्या असल्या, तर कालची डिस्क आज परकी होते. दोष पावसाला आणि विजांना दिला जातो; खरे कारण मात्र एका स्वस्त सेलचे असते. घड्याळात भलतेच जुने वर्ष दिसणे, ही या दोषाची अचूक खूण समजावी.

तिसरा शब्द ‘रेड’. अनेक डिस्क एकत्र बांधून त्यांना एक डिस्क म्हणून वागविण्याची ही पद्धत आहे. एकच मजकूर दोन डिस्कवर लिहून सुरक्षितता साधता येते, अथवा मजकूर दोहोंत विभागून वेग साधता येतो. परंतु काही कंपन्या एकच डिस्क असलेल्या संगणकातही हा पर्याय आरंभापासून लावून देतात. तेथे तो विनाकारण बदलू नये. आणि ज्या संगणकात खरोखरच डिस्क बांधलेल्या आहेत, तेथे निवड बदलल्यानंतर ‘डिस्क नव्याने सिद्ध करू का?’ असा प्रश्न आला, तर उत्तर ‘नाही’ हेच द्यावे. त्या एका ‘होय’ने सर्व संग्रह हातचा जातो.

अलीकडच्या लॅपटॉपांत आणखी एक शब्द भेटतो: ‘व्हीएमडी’. २०२० पासून आलेल्या इंटेलच्या अकराव्या पिढीच्या अनेक लॅपटॉपांत नव्या धर्तीच्या वेगवान डिस्क या व्यवस्थेच्या आड असतात. अशा यंत्रावर विंडोज नव्याने बसवू लागल्यास डिस्कच दिसत नाही. नवा लॅपटॉप सदोष आहे असे वाटून ग्राहक घाबरतो. वास्तविक त्या व्यवस्थेचा ड्रायव्हर आधी भरला की डिस्क दिसते. नाव नवे असले, तरी हा प्रश्न जुन्या भाषाभेदाचाच आहे.

काही लहान निवडी थोडक्यात पाहू. ‘स्मार्ट’ ही डिस्कची स्वतःची प्रकृती तपासण्याची सोय आहे. ती चालूच ठेवावी. तिने धोक्याचा इशारा दिला, तर दुरुस्तीचा विचार करण्यापूर्वी प्रथम सर्व महत्त्वाच्या गोष्टींची प्रत काढावी. ‘स्टॅगर्ड स्पिन-अप’ म्हणजे अनेक डिस्क असल्यास त्यांना एकापाठोपाठ एक फिरवू लागणे. कुळागरातील सारे पंप एकदम चालू केले की दाब कोसळतो, तसेच तबकडीची मोटर सुरू होताना वीज अधिक खाते. ‘पोर्ट डिसेबल’ असे दिसले, तर त्या जोडणीचे दारच बंद आहे असे समजावे. ‘हार्ड डिस्क पासवर्ड’ हा मात्र जपून वापरावयाचा पर्याय होय. तो डिस्कच्या आत जाऊन बसतो. बायॉसचा सेल काढला तरी पुसला जात नाही, आणि विसरला तर मालकही परका ठरतो. शेवटी ‘लेगसी’ आणि ‘युईएफआय’ ही जोडी. ज्या रीतीने ऑपरेटिंग सिस्टिम बसविली, तीच रीत ठेवली नाही, तर डिस्क दिसते पण संगणक तिच्यावरून सुरू होत नाही. जुन्या रीतीची विभागणी सुमारे २.२ टेराबाइटपर्यंतच पत्ते देऊ शकते. म्हणूनच मोठ्या डिस्कना नवी रीत लागते.

हे सर्व जाणून घेण्याचे आज विशेष कारण आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात गोवा शासनाच्या सायबरएज योजनेखाली अकरावीच्या विद्यार्थ्यांपर्यंत संगणक पोहोचले. त्याच सुमारास परदेशस्थ गोमंतकीयांच्या स्वयंसेवी प्रयत्नांतून परदेशांत वापरून झालेले संगणक येथील शाळांना मिळाले आणि त्यांवर लिनक्स चालविण्यात आली. तशी जुनी यंत्रे घरांच्या माळ्यांवर आणि शाळांच्या कपाटांत पडून असण्याचा संभव मोठा आहे. त्यांतच एक्सपी आणि विंडोज १० यांना मायक्रोसॉफ्टचा आधार अनुक्रमे एप्रिल २०१४ आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. तेव्हा जुनी यंत्रे टाकून देण्याची अथवा नव्याने भरण्याची घाई होणे स्वाभाविक आहे. अशा वेळी पंधरा वर्षांपूर्वीची डिस्क ‘मेलेली’ ठरवून भंगारात देण्याआधी तिची रीतसर तपासणी झाली पाहिजे.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. प्रथम बायॉसच्या पानावर डिस्कचे नाव दिसते का, हे पाहावे. दिसत नसेल, तर वीज बंद करून दोन्ही केबल तपासाव्यात, दुसरी केबल आणि दुसरी जोडणी वापरून पाहावी, आणि पोर्ट बंद नाही याची खात्री करावी. नाव दिसत असेल पण संगणक सुरू होत नसेल, तर घड्याळ पाहावे; वर्ष चुकलेले असल्यास सेल बदलावा. नंतर आयडीई, एएचसीआय आणि रेड यांतील निवड, तसेच लेगसी व युईएफआय यांतील निवड, एका वेळी एकच बदलून पाहावी. प्रत्येक बदलापूर्वी मूळ निवड कागदावर लिहून ठेवावी, म्हणजे परतीची वाट मोकळी राहते. नव्या लॅपटॉपांत विंडोजने डिस्क कुलूपबंद केलेली असू शकते. बायॉसमध्ये बदल केल्यावर ती ४८ अंकांची किल्ली मागते. ती किल्ली हाती असल्यावाचून तेथे हात घालू नये. डिस्कमधून खटखट असा आवाज येत असेल, तर मात्र सर्व प्रयोग थांबवून ती जाणकाराच्या स्वाधीन करावी, कारण तो दोष भाषेचा नसून तबकडीचा असतो. आणि या सर्व काळात पडद्यावर ‘फॉरमॅट’ हा शब्द कितीही वेळा पुढे आला, तरी त्याला संमती देऊ नये.

विद्यार्थी मित्रांनो, या विवेचनातून दोन गोष्टी मनावर ठसाव्यात. पहिली ही, की यंत्र ‘सापडत नाही’ असे म्हणते तेव्हा ती वस्तू नाहीशी झाली, असा अर्थ होत नाही. पुष्कळदा विचारणाऱ्याची आणि उत्तर देणाऱ्याची भाषा जुळलेली नसते. दुसरी गोष्ट अधिक व्यवहाराची. कोणतीही डिस्क अमर नाही. म्हणून महत्त्वाच्या कागदांच्या आणि चित्रांच्या किमान दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात, आणि आपल्या संगणकाच्या बायॉसमधील डिस्कविषयीच्या निवडी एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी पेटीच्या आतल्या बाजूस चिकटवावी. एवढे काम एका रविवारी होण्यासारखे आहे. घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून ते करावे, म्हणजे जुन्या डिस्कवर काय काय आहे, हेही त्यांच्याच तोंडून कळेल.